कॉन्कलर फर: अंगणातल्या मोठ्या सदाहरित झाडाविषयी

अंगणात बारा महिने हिरवं राहणारं मोठं झाड हवं असेल, जागा खरोखर मोकळी असेल आणि तिथे पाणी साचत नसेल, तर कॉन्कलर फर डोळे झाकून घ्या. पाणी साचत असेल तर फुकट मिळालं तरी लावू नका. आमच्या अंगणात हे झाड २०१३ च्या सप्टेंबरपासून आहे. त्याची खरेदी, लावणी, वाढ सगळं जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या वायव्येला नोव्हायमध्ये राहते. माहेर वरुड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. त्यामुळे कुठलंही झाड दिसलं की माझी नजर आधी त्याच्या बुडाकडे जाते आणि मग शेंड्याकडे. इथल्या नर्सरीत लोक उलट करतात. शेंडा बघतात, आकार बघतात, किंमत बघतात आणि गाडीत घालतात.

आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात ॲश नावाच्या झाडाचा नुसता बुंधा उरला होता. एमराल्ड ॲश बोरर नावाचा चकचकीत हिरवा किडा आशियातून इकडे आला आणि अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला २००२ मध्ये, आमच्याच भागात, डेट्रॉईटजवळ. सालीखाली त्याच्या अळ्या नागमोडी बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि दोन-चार वर्षांत झाड वाळतं. मिशिगनमधले कोट्यवधी ॲश असे गेले. आमच्या गल्लीत तर ओळीने ॲशच होते, म्हणून ओळीने गेले. मागचा रस्ता, त्यावरचे ट्रक, पलीकडचं गॅरेज, सगळं थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत. हिवाळ्यात पाच महिने पान नसलेल्या फांद्यांमधून तेच बघायचं. म्हणून सदाहरित झाड हवं होतं, आणि चांगलं मोठं होणारं हवं होतं.

आजूबाजूला विचारलं की सगळे एकच नाव घ्यायचे: कोलोरॅडो ब्लू स्प्रूस. निळसर, सुबक, शंकूसारखं झाड. लहानपणी दिसतंही फार देखणं. पण गल्लीत जरा वय झालेला एकही ब्लू स्प्रूस मला धड दिसेना. सगळ्यांच्या खालच्या फांद्या तपकिरी, आतून पोकळ, शेंड्याला तेवढा हिरवा झुबका. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींच्या परवानगीने एक डहाळी घरी आणली आणि मुलाच्या भिंगाखाली धरली. स्प्रूसच्या सुईवर, म्हणजे सुईसारख्या पानावर, पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक रांगा असतात, ती त्याची श्वास घ्यायची छिद्रं. या सुयांवर त्याच रांगांमध्ये, पांढऱ्याच्या जागी, काळे ठिपके बसलेले होते, मोजून मापून लावल्यासारखे. ऱ्हायझोस्फेरा नावाची बुरशी. ती छिद्रांतूनच डोकं बाहेर काढते. रोग लागलेल्या सुया पुढच्या वर्षी गळतात. खालच्या फांद्यांवर ओलावा जास्त टिकतो, म्हणून सुरुवात तिथून होते. स्प्रूसच्या उघड्या पडलेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही. दर वसंतात फवारणी करत राहिलं तर रोग आटोक्यात राहतो, पण चाळीस फुटी झाडाला दरवर्षी कोण फवारणार?

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग ब्लू स्प्रूसला पर्याय म्हणून जी झाडं सुचवतो त्यांत कॉन्कलर फर आहे. याला व्हाइट फर असंही म्हणतात. गंमत अशी की ब्लू स्प्रूस आणि हा फर दोघंही पश्चिमेकडच्या डोंगरांतलेच. रॉकी पर्वतात दोघं आढळतात. फर त्याही पलीकडे सिएरा नेवाडापर्यंत जातो. रानात तो शंभर-दीडशे फूट वाढतो, तीनशे वर्षं जगतो. आपल्या अंगणात तीस ते पन्नास फूट धरायचे आणि घेर पंधरा ते पंचवीस फूट. फर म्हणजे थंड, ओलसर डोंगरातलं नाजूक झाड असा समज असतो आणि बाल्सम फरच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. कॉन्कलर मात्र ऊन, कोरडेपणा आणि शहराची हवा इतर फरांपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. त्याला मुळीच सोसत नाही ते मुळाशी साचलेलं पाणी.

इथे मला घरचं आठवलं. आमच्याकडे संत्र्याला डिंक्या लागतो. खोडाच्या खालच्या भागातून डिंक गळतो, साल कुजते, मुळं सडतात, झाड पिवळं पडून वाळत जातं. त्याला कारण फायटोफ्थोरा नावाचा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव. फरच्या मुळकुजेचा मुख्य गुन्हेगारही फायटोफ्थोराच. जाती वेगवेगळ्या, पण प्रजाती तीच आणि चालही तीच. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. जमीन निचऱ्याची असेल तर त्यांना पोहायला पाणीच मिळत नाही. बाबांना फोनवर सांगितलं की असं असं झाड लावतेय, तर त्यांनी झाड कसलं, फळ काय, काही विचारलं नाही. म्हणाले, "जमीन कशी हाय तिथली? पानी थांबते का?" मी म्हटलं, "चिकणमाती आहे, बाबा. घरं बांधताना वरची चांगली माती उचलून नेलेली." ते म्हणाले, "मंग उंचावर लाव, बाई. खोडापाशी पानी थांबू देऊ नको. वरून झाड हिरवं दिसते अन् खाली मूळ सडून जाते. आपल्याले कळते तवा येळ निघून गेलेली असते." फरच्या लावणीवर इथल्या पुस्तिकांमध्ये मी जे काही वाचलं त्यात याच्यापेक्षा महत्त्वाचं काही नव्हतं.

तर जागा. आमचं मागचं अंगण एका बाजूला उतरतं. उताराच्या वरच्या अंगाला फूटभर खोल खड्डा घेतला, पाण्याने भरला, ते जिरू दिलं, पुन्हा भरला आणि पट्टी लावून बसले. तासाला इंचभर किंवा जास्त पाणी उतरलं तर निचरा ठीक समजायचा. वरच्या अंगाला ते त्याहून जरा जास्तच उतरत होतं. उताराच्या तळाशी तोच खड्डा घेतला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी होतं. एकाच अंगणात, शंभर पावलांच्या आत, इतका फरक! ही परीक्षा फुकट आहे आणि कुदळ सोडून तिला काही लागत नाही. झाडावर शेकडो डॉलर घालणाऱ्या प्रत्येकाने ती करावीच.

भिंतीपासून आम्ही वीस फूट सोडले. लोकांना हे फार वाटतं. सहा फुटांचं रोपटं वीस फूट लांब उभं केलं की अंगण रिकामं दिसतं, पाहुणे विचारतात की एवढं दूर का. पण फरचं सगळं सौंदर्य जमिनीपर्यंत टेकलेल्या खालच्या फांद्यांत आहे. जागा कमी पडली की त्या फांद्या कापाव्या लागतात आणि एकदा कापल्या की पुन्हा कधीही येत नाहीत. जुन्या लाकडावर फरला फूट येत नाही. दाराशी हौसेने लावलेले आणि नंतर अर्ध्यातून सोललेले फर पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हेही आधीच बघावं. शेंडा छाटलेला फर आयुष्यभर शेंडा छाटलेलाच दिसतो.

खणण्याआधी ८११ ला फोन. जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते दाखवणारी ही सेवा फुकट आहे आणि कायद्याने बंधनकारक आहे. त्या त्या खात्याची माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात, छोटे झेंडे रोवतात: गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, फोन-इंटरनेटच्या तारांना नारिंगी. किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. आमच्या ठरवलेल्या जागेपासून सहा-सात फुटांवर पिवळ्या झेंड्यांची रांग निघाली, म्हणून खड्डा अजून थोडा सरकवला.

आता नर्सरी. आमच्या घरापासून पाऊण तासावर एक घरगुती, जुनी नर्सरी आहे, स्वतःच्या शेतात झाडं वाढवणारी. मोठ्या साखळी दुकानांच्या पार्किंगमध्ये मे महिन्यात काळ्या कुंड्यांतली झाडं उन्हात उभी करतात तसला प्रकार नाही. इथे झाडं शेतातून मातीच्या गोळ्यासकट खणून काढतात, गोळ्याला गोणपाट गुंडाळतात आणि वरून तारेची जाळी आवळतात. सहा फुटांच्या फरचा गोळा दीडशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे घरच्या माणसांनी उचलायचं काम नाही. झाडाचे २४० डॉलर आणि घरी पोहोचवून खड्ड्यात ठेवण्याचे वेगळे १५०. तेव्हाचे हे भाव, आता नक्कीच वाढले असणार.

त्यांचं मला सगळ्यात आवडलं ते असं की झाड निवडताना त्यांनी घाई केली नाही. मी गोणपाट जरासं सोडून वरची माती हाताने बाजूला करू का म्हणून विचारलं. तिथल्या माणसाने स्वतःच गुडघे टेकून माती काढली. कारण सोपं आहे. शेतात नांगरताना, गवत काढताना खोडाभोवती माती चढते आणि खोड जिथे पसरून मुळांत शिरतं ती जागा चार-पाच इंच खाली दबते. आपण गोळ्याची वरची पातळी म्हणजे जमिनीची पातळी धरून लावलं तर झाड पहिल्याच दिवशी खोल लावलं जातं. त्याने तीन झाडं अशी उकरून दाखवली. एकाचं बूड हाताला लागायला बराच वेळ लागला, ते मी सोडून दिलं. जे घेतलं ते दिसायला तिघांत डावं होतं, एका बाजूला फांद्या विरळ. पण बूड दीड इंचावर मिळालं, खोड सरळ, शेंडा एकच. विरळ बाजू पुढे आपोआप भरली.

पोहोचवणाऱ्या माणसांशी मात्र थोडी ओढाताण झाली. तारेची जाळी तशीच राहू द्या, गंजून जाईल, असं त्यांचं म्हणणं. जाड तार जमिनीखाली लवकर गंजत नाही. दहा-वीस वर्षांनी जाड झालेली मुळं त्याच तारेत अडकतात. मी ठाम राहिले. गोळा खड्ड्यात सरळ बसल्यावर त्यांनी वरची अर्धी जाळी कापून काढली, गोणपाट खाली सारलं, खोडाला बांधलेला प्लॅस्टिकचा दोर तोडला. हा दोर विसरू नका, तो खोडात रुततो. हमी एक वर्षाची होती. झाड गेलं तर बदली झाड देणार, पण ते बसवायची मजुरी पुन्हा आपली. हे पावतीवर बारीक अक्षरात होतं, म्हणून आधी वाचून घ्यावं. नर्सरीला माझे पाचपैकी चार. एक गुण गेला तो या जाळीच्या आग्रहापायी.

खड्डा गोळ्याच्या अडीचपट रुंद, पण खोली गोळ्याच्या उंचीपेक्षा दोन इंच कमीच. म्हणजे बूड जमिनीच्या वर राहतं आणि चारही बाजूंनी माती हलकी उतरती करून घेता येते. खड्ड्यात शेणखत, पीट, काही घातलं नाही. चिकणमातीत मधोमध भुसभुशीत खताचा खड्डा केला की सगळं पाणी त्यातच येऊन बसतं आणि मुळंही त्या मऊ जागेबाहेर पडायला तयार होत नाहीत. निघालेली मातीच परत भरली. पाण्यासाठी आळं केलं ते संत्र्याला आमच्याकडे करतात तसं दुहेरी: आतला बांध खोडापासून लांब, बाहेरचा गोळ्याच्या कडेच्या पलीकडे, पाणी फक्त दोन बांधांच्या मधे. खोड कोरडं. पुढच्या वर्षी दोन्ही बांध मोडून टाकले, नाहीतर हिवाळ्यातल्या वितळत्या बर्फाचं पाणी तिथे थांबलं असतं. वर तीन इंच लाकडाच्या भुशाचं आच्छादन, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. इथे झाडांच्या बुडाशी भुशाचा ज्वालामुखी रचायची जी पद्धत पडली आहे ती कुणी सुरू केली कोण जाणे, पण तिच्यामुळे चांगली झाडं मरतात.

सप्टेंबर हा महिना मुद्दाम निवडला. उन्हाळा सरलेला असतो, माती अजून उबदार असते, मुळांना थंडीआधी पाय रोवायला वेळ मिळतो. फक्त जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवावं लागतं. नोव्हेंबरमध्ये शेजारी पानं गोळा करत होते आणि मी फरला नळी लावून उभी असायचे. सदाहरित झाड हिवाळ्यातही सुयांमधून पाणी गमावत असतं आणि जमीन गोठली की वर ओढायला पाणी नसतं, म्हणून ते आधीच पोटभर प्यायलेलं असावं. नळी मंद सोडायची, आणि पुढचं पाणी द्यायचं ते वाफसा आल्यावरच, म्हणजे माती चिखल न राहता नुसती ओलसर झाली की.

आता वाढ. अधीर माणसाने हे झाड घेऊ नये. पहिली तीन वर्षं मिळून ते जेमतेम फूटभर वाढलं. शेजारच्यांनी त्याच सुमारास लावलेला नॉर्वे स्प्रूस त्याच्या दुप्पट झाला. पण या काळात मुळं पसरत असतात, वरून दिसत नाही इतकंच. २०१७ पासून दरवर्षी शेंडा साधारण फूटभर वर जातोय. आज उंची सोळा फुटांच्या पुढे आहे, खालचा घेर नऊ फुटांच्या आसपास, आणि मागचं गॅरेज आमच्या खिडकीतून पूर्ण नाहीसं झालं आहे. रस्त्याचा ट्रक दिसतो तो फक्त झाडाच्या एका कडेला क्षणभर.

आणि दिसणं! सुया दोन ते अडीच इंच लांब, चपट्या, मऊ, फांदीवरून वर वळलेल्या. ब्लू स्प्रूसच्या सुईचं टोक हाताला बोचतं. हिच्यावरून खुशाल हात फिरवा. रंग निळसर राखाडी हिरवा. मे महिन्यात नवी फूट येते तेव्हा प्रत्येक टोकाला फिक्कट, जवळजवळ चांदीच्या रंगाची मऊ बोटं फुटतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात सगळं झाड उजळतं. सुई तोडली की फांदीवर गोल, सपाट, गुळगुळीत खूण राहते. स्प्रूसची सुई तोडली तर तिथे बारीक खुंटी राहून फांदी खरखरीत लागते. नर्सरीत पाटी हरवली असेल तर ओळखायची ही सोपी खूण आहे.

सुई दोन बोटांत चुरडली की संत्र्याच्या सालीचा वास येतो. तिखट, ताजा, आंबिया बहाराची संत्री सोलताना डोळ्यांत उडतो ना, तस्सा. थोडी राळ त्यात मिसळलेली. आई इथे आली होती तेव्हा तिने चुरडलेली सुई नाकाशी नेली आणि काही न बोलता मूठ बंद करून घरात घेऊन गेली. या वासासाठी मी हे झाड पुन्हा लावीन. राळ मात्र कपड्यांना लागली की निघत नाही. खोडाच्या कोवळ्या सालीवर राळेचे फोड असतात, मुलं ते नखाने फोडतात. हाताची राळ साबणाने जात नाही, खोबरेल तेल चोळलं की जाते.

हिवाळ्याला हे झाड उत्तम तोंड देतं. नोव्हायमध्ये शून्याखाली वीस अंश सेल्सिअस क्वचित होतं, त्याने याचं काही बिघडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठणारा पाऊस पडला, दक्षिण-पूर्व मिशिगनमध्ये लाखो घरांची वीज गेली. आमच्याकडे रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, बहुतेक सिल्व्हर मेपलच्या. फरच्या फांद्या बर्फाच्या वजनाने खाली वाकून एकमेकींवर टेकल्या. मी त्यांना हात लावला नाही, कारण गोठलेली फांदी झटकली की मोडते. दोन दिवसांनी ऊन पडलं, बर्फ गळून गेलं आणि फांद्या जागच्या जागी परत आल्या. एकही तुटली नाही. रस्त्यावरचं मीठ मात्र याला मानवत नाही, सुया तांबूस होतात. पुढच्या अंगणात अगदी रस्त्याच्या कडेला लावू नये.

तक्रारी आहेत त्या किरकोळ. एका उन्हाळ्यात कोवळ्या शेंड्यावर बहुधा एखादा जड पक्षी बसला आणि शेंडा मोडला. तेव्हा वरच्या फेरीतली सगळ्यात जोमदार बाजूची फांदी उचलून बांबूच्या काठीला मऊ पट्टीने सैल बांधली, तिच्या बरोबरीच्या फांद्यांची टोकं खुडली. दोन हंगामांत ती सरळ होऊन नवा शेंडा झाली. शिडी लावून हे काम करता येतं तोवर ठीक, पुढे झाडाचं झाडाने बघावं. पहिल्या काही वर्षांत सप्टेंबरपासून खोडाभोवती तारेचं कुंपण लागतं, कारण नर हरणं शिंगं घासून साल काढतात. आणि दर शरदात फांदीच्या आतल्या, खोडाकडच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात. ते नैसर्गिक आहे. टोकाच्या सुया पिवळ्या पडल्या तर काळजी करावी. खत मी कधी घातलेलं नाही. माती तपासून घेतली होती, तीत कमतरता निघाली नाही.

फळं, म्हणजे शंकू, आमच्या झाडाला अजून आलेले नाहीत आणि लवकर येणारही नाहीत. फरचे शंकू झाडाच्या माथ्यावर सरळ उभे असतात आणि पिकले की तिथल्या तिथेच खवला खवला सुटून गळून जातात. म्हणून फरखाली कधी अख्खा शंकू सापडत नाही. शंकूंचीच हौस असेल आणि अंगण लहान असेल तर कोरियन फर बघा. तो हळू वाढतो, आटोपशीर राहतो आणि माणसाच्या उंचीचा असतानाच जांभळे-निळे शंकू धरतो. हे सगळे प्रकार शेजारी-शेजारी बघायचे तर टिप्टनजवळच्या हिडन लेक गार्डन्समध्ये जावं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची ती बाग आहे आणि तिथला हार्पर संग्रह दुर्मीळ आणि बुटक्या कोनिफरांसाठी, म्हणजे शंकू धरणाऱ्या झाडांसाठी, नावाजलेला आहे. फ्रेझर फर डिसेंबरच्या बाजारात सगळ्यात जास्त मिरवतो, पण तो दक्षिण ॲपलाचियन डोंगरमाथ्यांवरचा. आमच्या चिकणमातीत मुळकुजेने तो कॉन्कलरच्याही आधी जातो. डग्लस फर नावाचाच फर आहे, त्याची प्रजाती वेगळी, आणि इकडच्या दमट उन्हाळ्यात त्याला सुया गळण्याचे स्वतःचे रोग आहेत.

फोटो पाहून पुण्या-नागपूरकडचे नातलग विचारतात की आमच्या बंगल्यात लागेल का. नाही लागणार. या झाडाला कडाक्याचा, लांबलचक हिवाळा हवा. तिकडे नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो अरौकेरिया. तो फर नाही, पॅसिफिकच्या बेटांवरून आलेला आहे आणि महाराष्ट्राच्या हवेत छान वाढतो. तोही मोठा होतो, तेव्हा त्यालाही भिंतीपासून जागा द्या. भारतातले खरे फर हिमालयात, मनाली-सिमल्याच्या वरच्या उंचीवर. त्यातल्याच एका फरची पानं आपल्याकडे तालीसपत्र म्हणून वैद्य वापरतात, खोकल्यावरच्या तालीसादी चूर्णात ती असतात. हे कळल्यावर आमच्या इथल्या एका मावशींनी काढ्यासाठी डहाळी मागितली. मी दिली नाही, आणि कारण इथेही सांगते. कॉन्कलर ही निराळी जात आहे. शिवाय अमेरिकेतल्या घरांपुढे कुंपणाला सर्रास यू नावाचं झुडूप असतं. त्याच्याही सुया चपट्या, मऊ, गडद हिरव्या, आणि ते जबरदस्त विषारी आहे. अंगणातून तोडून काढा करण्याच्या फंदात कुणीही पडू नये.

झाडाला माझे पाचपैकी पाच, फक्त निचऱ्याच्या जमिनीत. ज्यांच्या अंगणात वसंतात दोन-दोन दिवस पाणी दिसतं आणि तरीही फरच हवा आहे, त्यांनी नर्सरीत कनान फर मागावा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कनान खोऱ्याचा तो बाल्समचा भाऊबंद, थोडी ओलसर आणि भारी जमीन इतरांपेक्षा बरी सोसतो. वासात मात्र संत्रं नाही. मागणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच नोंदवा. चांगल्या बुडाची झाडं आधी जातात, आणि खणून काढायच्या आधी शेतात जाऊन स्वतः निवडू देतात का, ते फोनवरच विचारून घ्या.